लोअर आर्मचे बुश: रबरच घालू की पीयू? २०१४ स्विफ्ट डिझेल, ठाणे

मानपाडा_ते_महापे

नमस्कार मंडळी. २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, नव्वद हजाराच्या पुढे गेलीय, नवी घेतल्यापासून मीच चालवते. रोजचा रस्ता मानपाडा, माजिवडा, कळवा, विटावा, ऐरोली आणि तिथून ठाणे-बेलापूर रोडने महापे, त्यामुळे मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडची झालेली अवस्था आणि विटाव्याच्या पुलाखाली पाण्याने भरलेले खड्डे हे सगळं सस्पेन्शनच्याच वाट्याला येतं. गेल्या पावसाळ्यापासून पुढून डाव्या बाजूने खाली टकटक यायला लागलीय, सगळीकडे नाही, ठरावीक ठिकाणीच. ब्रेक जरा जोरात मारला की गाडी किंचित डावीकडे सरकते. पुढचं डावं टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झालंय, अलाइनमेंट करून घेतली तरी काही दिवसांनी पुन्हा तेच, आणि अलाइनमेंटवाला दर वेळी सगळे हिरवे आकडे असलेला रिपोर्ट हातात देतो. पाम बीचला मोकळा रस्ता मिळाला की स्टीअरिंग सारखं थोडं थोडं सावरत बसावं लागतं. ही गाडी अशी नव्हती हो, वळणावर घातली की रेषेत जायची.

तीन ठिकाणी दाखवली, तिघांची तीन मतं. एक म्हणतो चारही शॉकअप बदला. दुसरा म्हणतो दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून फ्रेमशी जोडणारे हात) नवे टाका. तिसरा म्हणतो फक्त आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) गेलेत, पीयूचे (कडक पॉलीयुरेथेनचे) टाकून देतो, परत बघायला नको. त्यात ऑफिसातला एक जण म्हणतो काम काढतेच आहेस तर गाडी खाली घेणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग पण टाक, गाडी मस्त बसेल रस्त्यावर.

तर पैसे घालायच्या आधी नक्की काय गेलंय ते कसं ओळखायचं? बुश रबरचे की पीयूचे? आणि गाडी पूर्वीपेक्षाही चांगली वळावी असं वाटत असेल तर काय करण्यात अर्थ आहे? गणपतीला चिपळूणला जायचंय, परशुराम घाट आहे वाटेत, त्याआधी काम उरकायचंय.

खारघर_टेकडी

पीयू नको. रोजच्या गाडीत नको आणि घोडबंदरला तर अजिबातच नको. ओरिजिनल रबर बुश, त्यावर अलाइनमेंट. बाकीचं पुढच्या वर्षी बघा.

वागळे_लेथ

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं निदान तिथेच झालंय. माझं मशिनिंगचं काम, आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे म्हणून आसपासचे गॅरेजवाले आर्म घेऊन बुश काढायला येतात, त्यामुळे फाटलेले बुश रोज हातात येतात.

आधी अलाइनमेंटचं, कारण तिथेच सगळं कळतं. अलाइनमेंट मशीन गाडी उभी असताना मोजतं. उभ्या गाडीत फाटका बुशसुद्धा आर्मला जागेवर धरून ठेवतो, म्हणून आकडे हिरवे येतात. पण तुम्ही ब्रेक मारता तेव्हा रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि हा सगळा जोर लोअर आर्ममधून बुशवर येतो. बुश चांगला असेल तर चाक जेवढं मागे जायला हवं तेवढंच जातं. रबर आतून सुटलं असेल तर डावं चाक उजव्यापेक्षा जास्त मागे जातं, त्या बाजूचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय तो कोन) बदलतो आणि गाडी ओढते. ब्रेक सोडला की चाक परत जागेवर. म्हणजे टायर झिजतंय ते चालताना, आणि मशीन मोजतंय उभी गाडी. बुश फाटलेला असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही ती यामुळेच, त्यात अलाइनमेंटवाल्याचा दोष नाही पण त्याने आधी खाली वाकून बघायला हवं होतं.

आता काय गेलंय ते शोधायचं कसं. आवाज ठरावीक ठिकाणीच येतो म्हणालात ना, तर सोसायटीच्या गेटजवळ असतो तसा पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर बघा आणि त्यावरून दोन्ही चाकं एकदम सरळ, हळू न्या. दोन्ही चाकं बरोबर वर-खाली होतात तेव्हा स्टॅबिलायझर बारला (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा) पीळ पडत नाही, त्याला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या लिंक रॉडवर जोर येत नाही. तिथे गाडी गप्प आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर टकटक, असं असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. लिंक रॉड स्वस्त असतो, तासाभरात बदलून होतो, आणि त्याच्या आवाजावर लोकांना शॉकअप बदलायला लावलेले मी बघितलेत.

बुशसाठी दोन गोष्टी. एक, सपाट जागी कोणाला तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगा, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक, आणि तुम्ही बाजूला लांब उभं राहून चाक आणि मडगार्डमधली फट बघा. डावं चाक कमानीत पुढे-मागे सरकताना दिसलं आणि उजवं दिसलं नाही तर डाव्या आर्मचा मागचा मोठा बुश गेला असं समजा. दोन, गाडी लिफ्टवर घेऊन आर्म आणि फ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवायला लावा, तुम्ही स्वतः खाली उभ्या राहून बघा. रबरावर वरवर बारीक भेगा असतात त्या वयाने येतात, त्यासाठी बदलायची घाई नको. रबर आतल्या किंवा बाहेरच्या लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं, आरपार चीर दिसली, तर गेला. तेव्हाच बॉल जॉइंटचं (आर्म आणि चाकामधला सांधा) रबरी बूट फाटलंय का आणि इंजिन ऑइल गळून आर्मवर येतंय का तेही बघा. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, गळती तशीच ठेवून नवा बुश घातलात तर तोही जाणार.

ब्रेकला ओढण्याचं दुसरं कारण कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम असणं हेही असतं. ऐरोलीपर्यंत जाऊन थांबलात की दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता नुसता हात न्या, एकीकडे जास्त धग जाणवली तर कॅलिपरच्या पिना साफ करून घ्या. हे आधी तपासा कारण यात खर्च जवळजवळ नाही.

स्ट्रट म्हणजे पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, त्याच्या वरच्या माउंटसाठी बॉनेट उघडून कोणाला तरी उभ्या गाडीत स्टीअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या वरच्या टोकाजवळ कान द्या. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टण आवाज आला तर बेअरिंग किंवा माउंट. शॉकअपचं म्हणाल तर तेल गळत असेल तर विषयच नाही. गळत नसेल तर कोपरा दाबून सोडल्यावर गाडी हेलकावे खात राहते का बघा, पण या पद्धतीने अगदी संपलेलाच शॉकअप कळतो, अर्धा गेलेला कळत नाही. तो लांब लाटांसारख्या रस्त्यावर कळतो, पुढचा भाग वर-खाली होत राहतो.

पामबीच_पहाटे

वरच्या निदानाशी पूर्ण सहमत. पण पीयू एकदम वाईट म्हणून सोडून देऊ नका, माझ्या दुसऱ्या गाडीत आहेत म्हणून लिहितोय, ती फक्त रविवारी निघते.

फरक कळतो तो असा. रबर बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, आर्म वर-खाली झाला की रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. पीयू चिकटवलेला नसतो, आतली नळी त्यात फिरते. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि पावसाळ्यात चिखलपाणी जाऊन ग्रीस धुतलं गेलं की कुरकुर सुरू होते, मग उघडून साफ करून परत ग्रीस. जो मेकॅनिक परत बघायला नको म्हणाला त्याने हे सांगितलं नसावं. उलट बाजूने सांगायचं तर स्टीअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते, मधला जो क्षणभराचा ढिलेपणा असतो तो जातो, ते सुख मी रोज नाही पण आठवड्यातून एकदा घेतो आणि मला आवडतं. पण रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत येतो. डिझेलची थरथर तुमच्याकडे आधीच आहे, ती वाढलेली जाणवेल.

माझं सुचवणं असं, लोअर आर्मला रबरच ठेवा आणि हौसच असेल तर स्टॅबिलायझर बार फ्रेमला धरणारे जे दोन छोटे बुश असतात तेवढे पीयूचे घाला. तिथे खड्ड्याचा सरळ मार बसत नाही, गाडी वळणात झुकायला लागते तेव्हा बार लगेच कामाला लागतो, आणि नाहीच आवडलं तर परत रबर घालणं सोपं.

वागळे_लेथ

पामबीचसाहेबांचं स्टॅबिलायझरच्या बुशचं पटलं. आर्मच्या मागच्या बुशबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो, कारण रबर म्हणजे कमजोर आणि पीयू म्हणजे मजबूत असं गिऱ्हाइकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आर्मच्या पुढच्या छोट्या बुशचं काम दाराच्या बिजागरीसारखं, त्याभोवती आर्म वर-खाली होतो. मागचा मोठा बुश वेगळा. चाक खड्ड्याच्या कडेला आपटतं तेव्हा ते अगदी थोडं मागे जावं म्हणून हा मऊ ठेवलेला असतो, पण वळणात बाजूने येणाऱ्या जोराला आर्म ढळू नये म्हणून दुसऱ्या दिशेला तो कडक असतो. हे साधायला बऱ्याच मोठ्या बुशांत रबरात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात, काही गाड्यांत तर आत द्रव भरलेला असतो. पीयूची भरीव चकती घातली की ही दिशादिशांतली निवड संपते, सगळीकडून सारखाच कडक. मग खड्ड्याचा मार जातो कुठे? आर्मला, बॉल जॉइंटला, फ्रेमच्या बोल्टला, रिमला. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालतं. विटाव्याला पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, तिथे बुशने पडतं घेतलेलंच बरं.

मानपाडा_ते_महापे

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं समजावून कोणत्याच गॅरेजमध्ये सांगितलं नव्हतं. स्पीडब्रेकरचं करून बघितलं, सोसायटीच्या गेटवर अगदी शांत आणि बाहेर सर्व्हिस रोडला एक चाक उतरलं की टकटक, म्हणजे लिंक रॉड आहेच. पुढे-मागे करून ब्रेकचंही बघितलं, भाऊ गाडीत होता आणि मी बाहेर, डावं चाक चक्क सरकताना दिसतं! एवढे दिवस यात बसून मी मुंब्रा बायपासला ट्रकच्या मधून जात होते. कॅलिपरची धग दोन्हीकडे सारखीच वाटली.

आता पुढचं. मेकॅनिक म्हणतो जुना बुश जाळून आणि हातोड्याने ठोकून काढतो, नवा पण ठोकूनच बसवतो, सगळे असंच करतात. चालेल का? आणि फक्त बुश घेऊ की पूर्ण आर्म? आणि काम चालू असताना मी समोर उभी राहणार आहे तर नेमकं काय बघू?

वागळे_लेथ

ठोकून नको. ठोकताना आर्मची बुशची जागा अंडाकृती होते, नवा बुश तिरका बसतो किंवा त्याची बाहेरची नळी दबते, आणि आर्म पत्र्याचा असेल तर वाकतोही. जाळून काढलं की आर्मचा रंग जातो आणि आपल्या दमट हवेत तिथूनच गंज धरतो. प्रेसवर योग्य मापाची नळी लावून काढायचा आणि तसाच बसवायचा, दाब नेहमी बाहेरच्या नळीवर, आतल्या नळीवर दाबलात तर रबर बसवतानाच सुटतं. वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भे एमआयडीसीत प्रेसवाले भरपूर आहेत, मेकॅनिकला फक्त आर्म सोडवून द्यायला सांगा.

पूर्ण आर्म कधी? तुमच्या गाडीने नव्वद हजार काढलेत, बॉल जॉइंट जरा जरी हलत असेल तर पूर्ण आर्म घ्या. असेंब्लीत बॉल जॉइंट आणि दोन्ही बुश बसवूनच येतात, प्रेसची भानगड नाही, मजुरी वाचते. बॉल जॉइंट टाइट असेल आणि पैसे वाचवायचे असतील तर नुसते बुश. काहीही केलंत तरी दोन्ही बाजूंना एकदम करा, एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की ब्रेकला परत ओढणार. पार्ट कंपनीच्या काउंटरवरून बिल घेऊन आणा, सस्पेन्शनच्या पार्टमध्ये नकली माल फार फिरतो.

नुसते बुश घालत असाल तर मागच्या बुशातल्या खाचा कोणत्या दिशेला आहेत ते जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बऱ्याच बुशांवर खूण असते, ती आर्मवरच्या खुणेशी जुळवायची. फिरवून बसवला तर मऊ बाजू चुकीच्या दिशेला येते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, इथेच नव्वद टक्के काम बिघडतं. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. लिफ्टवर चाकं खाली लोंबकळतात, आर्म खाली झुकलेला असतो. तिथे बोल्ट टाइट केला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नुसती पार्किंगला उभी असतानासुद्धा. वर खड्डे. असा बुश वर्षभरातही फाटतो आणि लोक म्हणतात पार्ट खराब निघाला. बरोबर पद्धत अशी की लिफ्टवर बोल्ट नुसते लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची म्हणजे ती तिच्या नेहमीच्या उंचीवर बसते, आणि मग पिटवर किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर खालून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. पिट नसेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून आर्म त्या उंचीला आणतात, तेही चालतं, पण गाडी स्टँडवर असली पाहिजे, नुसत्या जॅकवर कोणालाही खाली जाऊ देऊ नका. लॉकिंगचे नट असतील तर नवे घ्या. तुम्ही समोर उभं राहून एवढं एकच जरी करून घेतलंत तरी पुरे.

तीनहात_नाका

हँडलिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लोअरिंग स्प्रिंगचं आधी डोक्यातून काढा. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, आपल्या स्पीडब्रेकरला तोही कधी कधी कमी पडतो. आणि ग्राउंड क्लिअरन्स बाजूला ठेवला तरी नुसती खाली घेतलेली गाडी चांगली वळते हेच खरं नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत बॉडी खाली आली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, त्याने गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) खाली घसरतं. म्हणजे वळणात गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग कडक केली म्हणून झुकणं कमी दिसतं, पण शॉकअपचा प्रवास कमी झालेला असतो आणि खड्ड्यात तो बंप स्टॉपवर (प्रवास संपतो तिथल्या रबरी अडथळ्यावर) आपटतो, वळणात आपटला तर चाकाची पकडच सुटते. कायद्याचं पण आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला त्यावर बोट ठेवणार.

पैसे घालायचे तर टायरमध्ये. व्हीडीआयला १६५/८० आर १४ येतं, त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. उंची काढून बघा, पहिलं साधारण ६२० मिलिमीटर आणि दुसरं ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही, पण टायर २० मिलिमीटर जास्त रुंद आणि साइडवॉल १३२ वरून १२० वर येते. वळणात टायर कमी लवतं, स्टीअरिंगला लगेच कळतं. त्या मॉडेलचे १५ इंची रिम मिळाले तर उत्तम. याच्या पुढे १६-१७ इंचांत शिरू नका, साइडवॉल बारीक झाली की आपल्या खड्ड्यात रिम वाकतो. टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. हवा दाराच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना.

दुसरा नंबर शॉकअपचा. नव्वद हजारांनंतर पुढचे दोन बदलायला हरकत नाही, लोअर आर्म उघडलेलाच असतो तेव्हा मजुरी पण वाचते. गॅब्रिएल, मनरो किंवा कंपनीचे, काहीही घ्या पण जोडीने घ्या आणि माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप त्याच वेळी नवे टाका. पुढे जड डिझेल इंजिन आहे, पेट्रोलपेक्षा ही गाडी शंभरेक किलो जड आणि ते वजन बहुतेक पुढेच, त्यामुळे पुढचे आधी जातात.

एवढं केलंत की गाडी नव्यासारखी वळेल, आणि ही गाडी नवी असताना छान वळायची हे तुम्हीच लिहिलंय.

पामबीच_पहाटे

१५ इंचाला अनुमोदन. फक्त चारही टायर एकदम बदला, पुढे रुंद आणि मागे बारीक असं ठेवलंत तर पावसात मागची बाजू आधी सुटते.

मानपाडा_ते_महापे

काम झालं, म्हणून कळवते. डाव्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर बाहेरच्या नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलं होतं, बोटाने हलत होतं, फोटो काढून ठेवलाय. बॉल जॉइंटपण ढिला निघाला म्हणून दोन्ही आर्म पूर्ण घेतले, ओरिजिनल. दोन्ही लिंक रॉड, आणि पुढचा उजवा शॉकअप ओलसर होता म्हणून पुढची जोडी माउंटसकट. पीयू कुठेच नाही, स्टॅबिलायझरलाही रबरच, डिझेलचा आवाज मला आणखी नकोय. मागचे शॉकअप ठीक होते, ते बदलायची गरज नव्हती, चारही बदला म्हणणाऱ्याकडे गेले असते तर ते पैसे गेले असते आणि बुश तसाच राहिला असता.

बोल्ट खाली उतरवून आवळा म्हटल्यावर मेकॅनिक आधी कुरकुरला, मग रबर कसं पिळतं ते मी वागळेदादांच्या शब्दांत सांगितलं तर तो थांबला आणि म्हणाला बरोबर आहे, आणि शेजारच्या अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी नेऊन आवळले. लगेच तिथेच अलाइनमेंट. ब्रेकला गाडी सरळ थांबते आता. ठाणे-बेलापूर रोडला स्टीअरिंग एका हाताच्या बोटांनी धरलं तरी रेष सोडत नाही, मला माझी गाडी परत मिळाली. १५ इंचाचे टायर दिवाळीत, आता फक्त पुढची दोन त्याच मापाची नवी.

एक राहिलंय, पुढचा आवाज गेल्यावर आता मागून हलका खडखड ऐकू येतोय, आधी बहुतेक दबून जात असेल. मागच्या अ‍ॅक्सलचे बुश का? घाटाआधी करू की नंतर चालेल?

वागळे_लेथ

फार छान झालं काम. दोन गोष्टी, नवी दोन टायर मागे लावा आणि मागची चांगली असलेली पुढे घ्या, पावसात पकड मागे जास्त हवी. नंतर १५ घ्याल तेव्हा चारही.

मागच्या आवाजासाठी लगेच अ‍ॅक्सलकडे जाऊ नका. पार्सल ट्रे काढून घरी ठेवा, स्टेपनीचा बोल्ट आवळा, जॅक आणि पाना फडक्यात गुंडाळून घट्ट बसवा, डिकीच्या दाराचे रबरी स्टॉपर जागेवर आहेत का बघा आणि मग त्याच सर्व्हिस रोडवरून एक चक्कर मारा. तरी येत असेल तर मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट आणि त्यातला बुश. अ‍ॅक्सलचे बुश गेले असतील तर आवाजापेक्षा जास्त जाणवतं ते लेन बदलताना मागचा भाग उशिरा मागोमाग येणं. तसं वाटत असेल तर घाटाआधी करा, नाहीतर येऊन निवांत.